बिऱ्हाडगाडीचा टप

दादा,

पाणी टपकतं तिथं गळती शोधायची नाही, हे तू मला शिकवलंस. "टपकणारी जागा खोटं बोलते गो," म्हणायचास. "पाणी शिरतं एकीकडं, चालतं दुसरीकडं आणि पडतं तिसरीकडं. आधी सगळ्यांवर संशय घ्यायचा. लाकडावर, पुट्टीवर, खिळ्यावर. आणि मग एकेकाला सोडत जायचं."

संशय घ्यायला मी पटकन शिकले. सोडत जायला नाही शिकले. तू गेल्याला आज बारा दिवस झाले आणि मी हे लिहायला बसलेय ते त्यासाठीच.

तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू आमच्या गाडीच्या पोटाखाली उताणा पडला होतास. नुसते पाय बाहेर. लढाईच्या काळातली ती जुनी अँब्युलन्स कलापथकाला कुणीतरी भल्या माणसानं देऊन टाकली होती. नाना तेव्हा नुकतेच दादरच्या कचेरीतली कारकुनी सांभाळून कलापथक चालवायला लागले होते. त्यांनी तुला परळच्या बसबांधणीच्या कारखान्यातून शोधून आणलं. बाजूला चार फळ्या बांधून झोपायची सोय, मागं स्टोव्हची पेटी, पाण्याचं पिंप, खाली पेटी-ढोलकी ठेवायला कप्पा. सगळं तू केलंस, कारखान्यातून सुटल्यावर आणि रविवारी. तुझी बायको, आमच्या यमुनावहिनी, म्हणाल्या, "ही तर बिऱ्हाडगाडी झाली," आणि तेच नाव पडलं. संयुक्त महाराष्ट्राची गाणी आणि आमचं ते एक वगनाट्य घेऊन आपण पनवेल, पेण, महाडपर्यंत गेलो. पुढं नाना आणि पेटीवाला, मागं तू, वहिनी आणि मी. मी गिरगावातली शाळामास्तरीण, तुम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतले. एका गाडीत राहायचं, एका स्टोव्हवरचं खायचं. मला त्याचा केवढा अभिमान होता! मला वाटायचं, आमच्यापुरता तरी जातीचा प्रश्न सुटला.

तुला तसं वाटत नव्हतं. तू कशावरच चटकन विश्वास ठेवायचा नाहीस. दुकानदारानं अळशीचं तेल दिलं की बोटावर घेऊन हुंगायचास, दोन बोटांत चोळायचास. कॅनव्हासचा तुकडा उजेडाकडं धरून त्यातून सूर्य बघायचास. माणसांचंही तसंच. एकदा तू आमच्या घरी आलास, आईनं तुला चहा दिला. खाली उतरताना जिन्यात मला म्हणालास, "तुमच्या घरात कप वेगळे काढून ठेवलेले असतात का गो?"

"काहीतरीच काय दादा," मी म्हटलं.

"माझ्या कपाचा कान तुटलेला होता. बाकीच्यांचे धड होते."

"हाताला येईल तो कप देते ती. उगाच संशय नको घेऊस."

तू हसलास आणि पुढं गेलास. मी वर आले. आई तो कप घासून खिडकीच्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून लांब उपडा घालत होती. मी पाहिलं आणि काही बोलले नाही. आईलाही नाही, तुलाही नाही. पुढं दोनदा तो विषय तू काढलास आणि दोन्ही वेळा मी "आईची सवय" म्हणून उडवून लावला. ते भांडण आपलं अर्धंच राहिलं.

त्या वर्षी गणपतीत गळती सुरू झाली. आपल्याला रोज कार्यक्रम. आज लालबाग, उद्या परळ, मग दोन दिवस पेण. पाऊस असा की आभाळ फाटल्यासारखा. पेणहून परत आलो आणि नानांनी पुढच्या कप्प्यातली ट्रंक उघडली तर आत घोटाभर पाणी. वगनाट्याची वही त्यातच होती. एकच प्रत. शाई पसरून सगळी पानं निळी झाली होती. नाना ती वही दोन्ही हातांत धरून फूटपाथवर बसून राहिले. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"शांताराम," ते म्हणाले, "टप तू केलास ना?"

"केला."

"मग?"

"बघतो," तू म्हणालास. बस एवढंच.

आठवणीतून आम्ही दोन दिवसांत वही पुन्हा लिहून काढली, पण ट्रंक पुन्हा भिजली. मग तिसऱ्यांदा. नाना म्हणाले, डांबर फासून टाका वरून. तू नाही म्हणालास. "डांबरानं वरून चकाचक दिसेल. पाणी आत कोंडेल, लाकूड कुजवील, आणि कुठनं शिरतंय ते पुन्हा कधी सापडणार नाही. मला चार दिवस द्या." नानांना वाटलं, तू स्वतःची चूक लपवण्यासाठी वेळ काढतोयस. त्यांनी ते तुझ्यासमोरच बोलून दाखवलं. तू मान खाली घालून पुट्टीची डबी बंद केलीस.

तू चार दिवस रोज गाडीत जाऊन बसायचास. गाडी तेव्हा तुमच्या चाळीसमोर उतारावर उभी असायची, तोंड खाली करून. पाऊस आला की तू आत जायचास, दार लावून घ्यायचास. बाहेरून दिसायचं, एक माणूस बंद गाडीत एकटा बसलाय. त्या गाडीत आमची पत्रकं होती, कुठल्या गावी कुणाकडं उतरायचं ते पत्ते होते.

आणि त्याच आठवड्यात महाडचा कार्यक्रम हुकला. आम्ही पोचायच्या आधीच पोलीस देवळापाशी उभे होते. कुणालाच न सांगता ठरवलेली जागा होती ती. मुंबईत आल्यावर नाना एकेकाकडं बघायला लागले. बघता बघता आम्ही सगळेच एकमेकांकडं बघायला लागलो. पेटीवाला त्या संध्याकाळी तंबाखू आणायला कुठं गेला होता? वहिनींच्या माहेरचा तो माणूस दुपारी का आला होता? मी शाळेत कुणाला काही बोलले का? हे नानांनी मलाही विचारलं, आणि मला राग आला. राग आला म्हणून मला दुसरा कुणीतरी हवा होता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी नायगावात आले होते. वहिनींकडून कार्यक्रमाचं लुगडं न्यायचं होतं. पोलीस लाइनीच्या फाटकाशी तू उभा होतास. समोर एक हवालदार, गणवेशात. तू हात जोडून काहीतरी सांगत होतास, तो मान हलवत होता. मग त्यानं तुझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पिंपळाच्या आडून बघत राहिले. तुला हाक मारली नाही. वहिनींकडेही गेले नाही. सरळ बस धरली आणि दादरला नानांच्या घरी गेले.

"हवालदाराशी बोलत होता?" नानांनी विचारलं.

"हो."

"नक्की शांतारामच?"

"नक्की." आणि मग कुणी न विचारता मी पुढं म्हणाले, "गाडीत पण एकटाच बसलेला असतो. दार लावून."

नानांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं. ही माणसं..." आणि थांबले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुरं करायची गरजच नव्हती, दादा. मला ते कळलं आणि मी तिथून उठून गेले नाही. चहा पिऊन निघाले.

रविवारी सकाळी तू मला बोलावलंस. "आत एक माणूस लागतो. वहिनीला घेतलं असतं, पण तिला ताप आहे. येशील?" मी आले ती तुझ्यावर नजर ठेवायला आले. तू टपावर, हातात रबराचा लांबलचक पाइप. मी आत, हातात खडू. तू वरून ओरडायचास, "आता पुढचा खालचा सांधा!" आणि एकाच जागी पाणी सोडून ठेवायचास. माझं काम छताला हात लावत फिरायचं आणि ओल दिसली की खडूनं खूण करायची. खालून सुरुवात. आधी खिडक्यांच्या चौकटी. दहा मिनिटं. कोरडं. मग पुढचा सांधा, जिथं ट्रंकेवर पाणी पडायचं. दहा मिनिटं. तिथंही कोरडं! मला वाटलं, हा मला फसवतोय. पाणी सोडतच नसेल. मी दार उघडून बाहेर पाहिलं, तर गाडीच्या अंगावरून धो धो पाणी वाहत होतं आणि तू टपावर उकिडवा बसून भिजत होतास.

"काय बघतेस? आत बघ!"

मग तू मधे सरकलास, टपाच्या बरोबर मध्यावर. तिथं पाणी सोडलंस. पाच मिनिटं काही नाही. आणि मग पुढं, सात फूट लांब, ट्रंकेच्या वर, एक थेंब फुगला आणि पडला.

"पडलं!" मी ओरडले. "दादा, पुढं पडलं!"

"मी मधे आहे," तू वरून शांतपणे म्हणालास. "गाडीचं तोंड उताराकडं आहे ना. कॅनव्हासच्या खालून चालत जातंय."

मग तुझ्या चाकूचा आवाज आला. तू कॅनव्हास चिरून उचलत होतास. मी आत उभी होते, ज्या जागी वहिनी आणि मी कपडे बदलायला पडदा लावला होता तिथं. पडद्याला हात लागला. वरून खाली हातभर ओला. तो पडदा पावसाळाभर ओलसर असायचा. मला वाटायचं, वहिनी त्यावर ओलं लुगडं टाकतात. मी त्यांना एकदा तोडूनही बोलले होते. "मी कशाला टाकू?" त्या म्हणाल्या होत्या. "पडदा तुझा, आणि विचारतेस मला?"

मी वर बघितलं. पडद्याची दोरी ज्या हुकात अडकवली होती तो हूक मीच लावला होता. गिरगावातून दोन इंची हूक आणला, तू कामावर असताना लाकडात पिळत पिळत बसवला. बायकांच्या पडद्याची गोष्ट तुला काय विचारायची, असं वाटलं होतं. तुझी टपाची फळी पाऊण इंचाची होती.

तू खाली आलास. तळहातावर गंजलेलं, टोकदार काहीतरी होतं. हुकाचं टोक तू वरून पकडीनं मोडून काढलं होतंस.

"खालून घुसलाय," तू म्हणालास. "फळी भेदून वर आलाय, कॅनव्हासला भोक पाडलंय. कुणी लावला गो हा हूक?"

तू पडद्याकडं पाहिलंस, दोरीकडं पाहिलंस, माझ्याकडं पाहिलंस.

"नानांना सांगू नकोस," मी म्हटलं.

तू रागावला असतास तर बरं झालं असतं. तू पाइप गुंडाळायला लागलास. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "एवढा लांब पाइप कुठून आणलास?"

"लाइनीतल्या हवालदाराकडनं. चाळीचा नळ कुठं पुरणार याला? तीन दिवस हात जोडत होतो त्याला. आज दिला कसाबसा. संध्याकाळच्या आत परत करायचाय."

त्या क्षणी तुला सगळं सांगता आलं असतं. तू समोर होतास, ओला, केसांतून पाणी गळत होतं, आणि गळती सापडली म्हणून खूश होतास. मी काय बोलले माहीत आहे? "लवकर परत कर. हवालदार आहे तो."

दुसऱ्या दिवसापासून तू दुरुस्ती काढलीस. कुजलेली फळी दीड हात कापून काढली, नवी बसवली. आठवडाभर वरून ताडपत्री टाकून लाकूड सुकू दिलंस, नाना घाई करत होते तरी. "ओल्या लाकडावर काही करायचं नाही. आत ओल राहिली की सगळं फुकट." मग सफेदा आणि अळशीचं तेल कालवून दाट लेप दिलास, त्यावर ओला असतानाच नवा कॅनव्हास ताणून बसवला. कडा दुमडून तांब्याचे बारीक खिळे मारलेस. लोखंडाचे नकोत, गंजतात. मला कॅनव्हास ताणून धरायला लावलंस. "ओढ! नुसती धरू नको, ओढ!" माझ्या बोटांना फोड आले, तेव्हा तेलाचा हात चोळलास. मग पुन्हा पाण्याची परीक्षा घेतलीस. अर्धा तास. मी आत छताला गाल लावून उभी होते. कोरडं. मी बाहेर येऊन तुला सांगितलं, आणि तू म्हणालास, "तुझ्यावर विश्वास नाही," आणि स्वतः आत जाऊन बघून आलास. तेव्हा आपण दोघं खूप हसलो.

नानांना तू सांगितलंस, "माझ्याच हातून फळीत एक फट राहिली होती. भरली." मी शेजारी उभी होते.

त्यानंतर गाडी गळली नाही. एकदाही नाही. पण पुढच्या दौऱ्याला तुझ्या जागी दुसरा माणूस आला. नाना तुला म्हणाले, कारखान्यातून किती सुट्या काढशील, जरा विश्रांती घे. तू समजायचं ते समजलास. माहीमच्या कार्यक्रमाला तू प्रेक्षकांत बसला होतास. संपल्यावर मला गाठलंस.

"नाना मला का टाळतात गो? टपाचं अजून डोक्यात आहे का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"वहीचं वाईट वाटलंय त्यांना. मी समजतो," तू म्हणालास.

महाडची बातमी कुणी दिली ते आम्हाला पुढंही कळलं नाही. कदाचित कुणीच दिली नसेल. गणपतीत देवळापाशी माणसं जमणार हे पोलिसांना वेगळं सांगायला लागतं का? पण तेव्हा हा साधा विचार कुणी केला नाही. तीन वर्षं तू गाडीत चढला नाहीस. आणि तरी दर जूनच्या आधी एका रविवारी येऊन टपावर चढायचास, कडा दाबून बघायचास, सांध्यांवर बोट फिरवायचास, सफेद्याचा हात द्यायचास. गाडी आता नानांच्या दारात असायची; नाना घरी असले तर पुढं यायचे नाहीत. तूही हाक मारायचा नाहीस. राज्य आलं त्या दिवशी तू लालबागला भेटलास, पेढा माझ्या तोंडात कोंबलास आणि म्हणालास, "आपल्या गाडीनंपण थोडं केलं की नाही?" आपल्या गाडीनं म्हणालास.

मग तुझी छाती, हॉस्पिटल. मी दोनदा आले. दोन्ही वेळा सांगायचं ठरवून आले. पहिल्यांदा तू झोपला होतास. दुसऱ्यांदा जागा होतास, आणि मी शाळेतल्या गमती सांगत बसले.

तुझी शोकसभा चाळीच्या पटांगणात झाली. नाना बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "माणूस म्हटला की कामात चूक होते. आमच्या गाडीच्या टपातही शांतारामच्या हातून चूक राहून गेली होती. पण त्यानं ती निस्तरली. असा मोठ्या दिलाचा माणूस." लोकांनी माना हलवल्या. मी बघितलं, वहिनींनी मान हलवली नाही.

मी उभी राहिले. सांगितलं, चूक दादांची नव्हती. हूक मी लावला होता, आणि त्यांनी माझ्यासाठी दोष स्वतःवर घेतला. आवाज चिरकत होता. नाना म्हणाले, "सिंधूताई, बसा. भावनेच्या भरात माणूस..." मी बसले. पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं.

सभा संपल्यावर वहिनींनी मला वर खोलीत नेलं. दार लोटलं. मला वाटलं, जवळ घेतील. त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"हूक तुझा होता हे मला तेव्हाच सांगितलंन त्यानं," त्या म्हणाल्या. "एका गळतीसाठी नाना तीन वर्षं तोंड फिरवत नाहीत. आज सगळं बोललीस का?"

मी खिडकीबाहेर बघू लागले.

"सिंधू, मी विचारतेय. सगळं बोललीस का?"

"नाही," मी म्हटलं.

आणि मग सांगितलं. फाटक, हवालदार, पिंपळ, नानांच्या घरचा चहा, ते अर्धं वाक्य. कानतुटक्या कपाचंही सांगितलं, ते त्यांना माहीत होतं. पाइपाचं ऐकताना त्यांनी डोळे मिटले. त्यांनी मला शिवी दिली नाही, रडल्या नाहीत.

"त्याला कळलं होतं हे?"

"मला नाही माहीत वहिनी."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "मला नव्हता बोलला. पण तो सगळंच कुठं बोलायचा." मग त्यांनी पदर खोचला, दार उघडलं. "मला खोलीत सांगून काय करू मी? त्याला काढलं चारचौघांत. खाली चल."

खाली सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. चाळीतले बरेच लोक अजून घोळक्यांनी उभे होते. नाना फाटकाशी चपला घालत होते. वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबल्या आणि सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाना, थांबा. हिचं बोलून झालेलं नाही."

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय बोलणार ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. फाटक उघडं होतं. त्यांना जाता आलं असतं. त्यांनी घातलेल्या चपला पुन्हा काढल्या, आत आले आणि उघड्या फरशीवर मांडी घालून बसले.

मग मी सुरुवात केली, दादा. पोलीस लाइनीच्या फाटकापासून.